जुनी ओम्नी आणि चिखलदऱ्याचा घाट: दर्यापूरहून जाणाऱ्यांसाठी

मे महिन्यात दर्यापूरहून अंजनगाव सुर्जी, परतवाडा, धामणगाव गढी या मार्गाने आम्ही कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग) जुन्या मारुती ओम्नी व्हॅनमधून चिखलदऱ्याला गेलो आणि घटांगमार्गे परत आलो. अंतर फारसे नाही, पण सपाटीवरचे रखरखीत ऊन आणि लगोलग सुमारे ७०० मीटरांची चढण एकाच दुपारी वाट्याला येत असल्यामुळे गाडीत दडून बसलेला दोष या वाटेवर हमखास डोके वर काढतो. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले असले तरी आपल्याकडे खेड्यापाड्यांत ती अजूनही रोजच्या वापरात आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

निघण्यापूर्वी पाण्याकडे लक्ष द्यावे. दर्यापूरचा भाग पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागात मोडतो. इथल्या बोअरचे जे पाणी माणसाला पिववत नाही, ते रेडिएटरमध्ये ओतले की त्यातील क्षारांचा थर नळ्यांत आतून बसत जातो आणि गाडी वरचेवर तापू लागते. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे मिसळून भरावे आणि त्याच मिश्रणाचा एक कॅन सोबत ठेवावा.

धामणगाव गढी मागे पडल्यावर चढ सुरू झाला आणि तापमानाचा काटा, जो परतवाड्यापर्यंत मध्यावर स्थिर होता, तो वर सरकू लागला. काटा कधी चढतो, यातच निम्मे निदान असते. सपाट रस्त्यावर वेगात असतानाही गाडी तापत असेल तर कूलंट कमी असणे, रेडिएटर चोंदणे किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) अडकणे यांपैकी काहीतरी असण्याचा संभव अधिक. मात्र वेगात ठीक आणि दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळताना तापत असेल तर आधी पंखा पाहावा, कारण त्या वेळी समोरून पुरेसा वारा लागत नाही. काट्यासोबत बॅटरीचा लाल दिवाही लागला तर बेल्ट तुटला किंवा सैल झाला असे समजून तत्काळ थांबावे, कारण पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर हे दोन्ही त्याच बेल्टवर चालतात.

आम्ही सावली पाहून गाडी बाजूला घेतली. मागून आलेल्या मालवाहू गाडीच्या चालकाने न विचारताच बजावले, “भाऊ, झाकन आत्ता उघडू नोका, भाजसान.” सल्ला अगदी योग्य होता, दाबाखालचे पाणी झाकण सैल होताच उसळून अंगावर येते. इंजिन तापलेले असूनही रेडिएटरचा पंखा थांबलेला होता. फ्यूज शाबूत होता, पण पंख्याच्या वायरची जोडणी ओढून काढली तेव्हा आतली पितळी पिन हिरवट पडलेली दिसली. चाकूच्या टोकाने ती चकचकीत होईपर्यंत खरवडून परत बसवली आणि पंखा फिरू लागला. अशा तक्रारीवर थर्मोस्टॅटच काढून टाकण्याचा उपाय बरेच मिस्त्री सुचवतात. तो मला पटत नाही, कारण मग थंडीत इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही आणि पेट्रोलही जास्त जाते.

पंखा सुरू झाला तरी गाडी काही सुरू होईना. कार्बोरेटरच्या गाड्यांत असे होते: पुढच्या सीटखालच्या बंदिस्त जागेत उष्णता कोंडते, पेट्रोलची पाइपातच वाफ होते आणि पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला ती ओढता येत नाही. पेट्रोलचा वास येत नसेल तर सीट उचलून ठेवावी, पंपावर ओले फडके टाकावे आणि थोडा वेळ थांबावे. वास उग्र असेल तर उलट पेट्रोल जास्त झालेले असते. मात्र सेल मारण्यापूर्वी रबरी पाइप कुठे चिरून गळत नाही ना, हे पाहणे अनिवार्य आहे. गळती नसेल तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारावा. आमच्या बाबतीत ओल्या फडक्याने काम झाले.

उतारावर इंजिनाची काळजी कमी होते आणि ब्रेकची वाढते. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरावे. ब्रेकवर पाय ठेवून उतरल्यास लायनिंग तापून पकड सुटते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून दोन वर्षांहून जुने ऑइल बदलूनच घाटात शिरावे. पेडल स्पंजासारखे लागू लागले तर लगेच खालच्या गिअरमध्ये जाऊन थांबावे, चाकांवर पाणी ओतू नये, आणि पेडल पूर्ववत कडक झाल्याशिवाय पुढे निघू नये.

सुटे भाग परतवाड्यातच घ्यावेत. बेल्ट, फ्यूज, रेडिएटरचा होज आणि क्लिपा एवढे तरी गाडीत हवे. बेल्ट घेताना जुना सोबत नेऊन लांबी जुळवून पाहावी. मेळघाटात मोबाइलची रेंज सलग मिळत नाही, त्यामुळे मिस्त्रीला फोन करण्याच्या भरवशावर निघू नये.