थाळीची गिटार आणि आमच्या वाडीची बारी

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत दर गुरुवारी भजन असते आणि प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी त्यात गिटार घेऊन बसतो. पखवाज, दोन जोड झांजा, चकी आणि मागे दहा-बारा जणांचा कोरस, एवढ्या गलक्यात माझ्या साध्या लाकडी गिटारचा आवाज माझ्याच मांडीपलीकडे जात नसे. लाऊडस्पीकर लावला की गिटार शिट्या मारू लागे आणि बुवा माझ्याकडे डोळे वटारून पाहत.

या अडचणीवर उत्तर शोधताना मला रेझोनेटर गिटारची माहिती मिळाली आणि तिचा जन्मच मुळी अशाच तक्रारीतून झाल्याचे कळले. विजेवर चालणारी गिटार येण्यापूर्वी नाचगाण्याच्या वाद्यवृंदात पितळी वाद्यांपुढे गिटार कोणालाच ऐकू येत नसे. म्हणून मूळचे स्लोव्हाक असलेले कारागीर जॉन डोपायरा आणि वादक जॉर्ज बोशॉम्प यांनी १९२७ मध्ये लॉस एंजेलिस येथे नॅशनल कंपनीच्या नावाने ॲल्युमिनियमचे तीन पातळ कोन, म्हणजे शंकूच्या आकाराच्या वाट्या, बसवलेली गिटार बाजारात आणली. तारांची थरथर या गिटारीत लाकडी पाटीला न मिळता थेट कोनाला मिळते आणि तो लाऊडस्पीकरच्या पडद्यासारखा हवा ढकलतो. पुढे एकाच कोनाचे दोन प्रकार रूढ झाले. एकात कोन पालथ्या वाटीसारखा असतो आणि त्याच्या शेंड्यावर ‘बिस्किट’ म्हणतात ती लाकडी चकती बसते. दुसऱ्यात वाटी उताणी असते आणि तिच्यावर कोळ्यासारखी आठ पायांची धातूची चौकट असते. तारेवरून नळी सरकवून वाजवण्याची पद्धत आपल्याकडेही नवी नाही. ब्रिजभूषण काब्रा यांनी याच पद्धतीने गिटारवर रागसंगीत वाजवले, आणि लहानपणी आकाशवाणीवर हवाईयन गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या धून ऐकतच माझ्या हाताला ही खाज सुटली होती.

नवी, चांगल्या प्रतीची रेझोनेटर माझ्या निवृत्तिवेतनात बसणारी नव्हती. डोंबिवलीतील एका गृहस्थांकडे वापरलेली, बिस्किट प्रकारची, गळ्याशी पिकअप (तारांची थरथर विजेच्या रूपात ॲम्प्लिफायरला पोहोचवणारा भाग) असलेली गिटार १३,५०० रुपयांना मिळत होती, म्हणून मुलाकडे मुंबईला गेलो असताना ती पाहून आलो. मान सरळ आहे की नाही, हे मी खुंट्यांच्या बाजूने एक डोळा मिटून पाहिले, परड्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, चाचपल्या, मान आणि पेटीच्या सांध्यात फट नाही याची खात्री करून घेतली आणि पिकअप छोट्या ॲम्प्लिफायरला जोडून वाजवून पाहिला. पेटी प्लायवूडची होती. जाणकार मंडळी प्लायवूडला नाक मुरडतात, परंतु जिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटाची दारे फुगून बसतात, तिथे अखंड लाकडापेक्षा प्लायवूड कमी हलते आणि सहसा तडकत नाही. शिवाय या गिटारीत आवाजाचे मुख्य काम कोन करतो, पेटी नव्हे. वरचे झाकण उघडून आतला कोन पाहावा, हे मात्र मला सुचले नाही. मध्यरात्रीनंतर दादरहून सुटणाऱ्या तुतारी एक्सप्रेसने मी ती घेऊन कुडाळला उतरलो, तेव्हा पिशवीतून डोकावणारे क्रोमचे झाकण पाहून स्टेशनवर भेटलेले आमचे पखवाजी म्हणाले, “गुरुजी, ह्या काय हाडलात? हेका गाडयेचो व्हीलकॅप लावल्यानी की काय?”

घरी नीट वाजवून पाहिली आणि उत्साह ओसरला. आवाज मोठा होता, पण पत्र्याच्या डब्यावर खडे पडल्यासारखा. तिसऱ्या आणि चौथ्या तारेवर एका विशिष्ट स्वराला झणझण होई. ॲम्प्लिफायरला जोडल्यावर सतत गुणगुण चाले आणि तारेला हात लावला तरी ती कमी होत नसे. तारा मानेच्या वरच्या टोकाशी इतक्या उंच होत्या की पहिल्या परडीवर बोट दाबताना स्वर चढाच लागे. सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे झणझणीच्या शोधात मी दोन दिवस घालवल्यानंतर तिच्यातील निम्मी फडताळावरच्या पितळी तांब्यात ठेवलेल्या चमच्याची निघाली. तेव्हापासून मी दुरुस्तीचे काम ओटीवर, भांड्यांपासून दूर बसून करतो.

आता झाकण उघडण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खरे काम तिथेच झाले. सहा तारांचा मिळून ताण साधारण ७० किलोंच्या आसपास असतो, म्हणून तारा सोडवताना त्या एकेक करून पूर्ण न सोडता सगळ्या थोड्या थोड्या सैल करत गेलो. पुरेशा सैल झाल्यावर तिसऱ्या परडीवर कॅपो, म्हणजे तारा मानेवर दाबून धरणारा चिमटा, लावला; त्यामुळे तारा एकमेकींत गुंतत नाहीत आणि तारा अडकवलेली मागची पट्टी तारांसकट बाजूला काढता येते. मग झाकणाचे स्क्रू काढले. नऊपैकी तीन स्क्रू नुसतेच गरगर फिरत होते, म्हणजे त्यांची भोके मोठी झाली होती. बिस्किट प्रकारात कोन कशानेही जखडलेला नसतो, तारांच्या दाबानेच तो आपल्या कडेवर बसून राहतो; त्यामुळे तारा काढलेली गिटार उलटी केली तर तो थेट जमिनीवर पडतो, आणि एकदा पोचा आलेला कोन पूर्वीसारखा होत नाही. मी तो दोन्ही हातांनी, चतुर्थीच्या पातोळ्या उचलाव्यात तसा अलगद उचलला.

सुमारे साडेनऊ इंच व्यासाचा तो कोन टीपॉयच्या काचेवर पालथा ठेवून पलीकडून टॉर्च मारला, तेव्हा एका बाजूला दोन बोटे रुंदीची उजेडाची फट दिसली. पेटीतील ज्या गोल कडेवर कोन टेकतो ती कड त्याहून वाईट होती. तिच्यावर लॅकरचे ओघळ वाळलेले होते आणि एका जागी तांदळाच्या दाण्याएवढा गोंदाचा खडा घट्ट बसला होता. एवढ्या एका खड्याने कोन तिरका राहून शेजारच्या भागात अधांतरी थरथरत होता. आमच्या सुताराकडून कोनापेक्षा किंचित लहान प्लायची गोल चकती कापून घेतली, तिला १८० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवला आणि ती कड गोलाकार फिरवत घासली, मग ३२० नंबरने पुन्हा एकदा. कडेवर पेन्सिलीने रेघा मारून घेतल्या होत्या. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या की कड सपाट झाली असे समजायचे. कोनाची वाकलेली किनार काचेवर ठेवून नखाने हळूहळू सरळ केली. झाकणाच्या मोठ्या झालेल्या भोकांत माडाच्या हिराच्या काड्यांचे तुकडे फेविकॉल लावून ठोकले आणि दुसऱ्या दिवशी त्यांतच स्क्रू आवळले. मागच्या पट्टीखाली, ती झाकणाला घासत होती तिथे, जुन्या कॅरमच्या डब्यातील मखमलीचा तुकडा चिकटवला. या सगळ्याचा खर्च शंभर रुपयेही नव्हता, आणि पुन्हा तारा चढवल्यावर तिसऱ्या तारेची झणझण पूर्ण गेली होती.

चौथीची राहिली, तिचे कारण बिस्किट. कोनाच्या शेंड्याला आतून एका स्क्रूने धरलेली ती चकती मऊ लाकडाची होती, तळाशी सपाट नव्हती आणि तिच्या खाचेतील घोडी बोटाने हलवली तरी हलत होती. मूळ कंपन्या बिस्किटासाठी मेपल वापरतात. ते आपल्याकडे कुठून आणायचे? सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडे नमुना घेऊन गेलो. त्याने आधी खेळण्यांच्या सवयीने पांगाऱ्याचे लाकूड पुढे केले, पण ते फारच हलके आणि मऊ होते. तारांच्या दाबाने त्यात खळगा पडला असता. शिसव कठीण, पण जड, आणि जड चकतीने कोन दबून बसतो. शेवटी एका जुन्या फणसाच्या फळीवर आमचे एकमत झाले. दक्षिणेत वीणा आणि मृदंगम् फणसाच्या लाकडाचेच करतात, तेव्हा नादाच्या दृष्टीने त्या लाकडावर माझा विश्वास होता. लेथवर चकती कातून तिच्या खाचेत शिसवीची पातळ घोडी अशी ठोकून बसवली की डिंकाची गरजच पडली नाही. घोडी खाली घासताना मात्र हात आखडता ठेवला, कारण तारा घोडीवरून मागे पुरेशा उतारात वळल्या नाहीत तर त्या घोडीवर नीट दाबून बसत नाहीत आणि झणझण पुन्हा हजर होते. बाराव्या परडीवर तीन मिलिमीटर उंची ठेवली. नळी सरकवायला ती बरी पडते.

तारांचा प्रश्न बुवांच्या पट्टीमुळे आला. आमचे बुवा काळी एकमध्ये गातात. पुस्तकात दिलेली ‘ओपन डी’ नावाची तारांची जुळणी लावली तर सा पांढरी दोनवर येतो, म्हणून मी सगळ्या तारा आणखी अर्धा स्वर उतरवून सा, प, सा, ग, प, सा अशी जुळणी करतो. एवढ्या उतरवलेल्या बारीक तारा लोंबतात आणि नळी लागली की परड्यांवर आपटतात. त्यामुळे रेझोनेटरसाठी मिळणारा जाड संच घेतला, पहिली तार ०.०१६ इंचाची आणि शेवटची ०.०५६ इंचाची. हा संच गोल मानेच्या स्वस्त गिटारीवर चढवून वर खेचणे धोक्याचे आहे. मी तो उतरवूनच लावतो, म्हणून निभावते. जाड तारांसाठी मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या वरच्या पट्टीच्या खाचा सोनाराकडून आणलेल्या बारीक कानशीने रुंद केल्या, त्यांना खुंट्यांच्या दिशेने किंचित उतार दिला आणि त्याच वेळी त्या खोल करून पहिल्या परडीवरचा चढा स्वरही मार्गी लावला. सरकवण्याची नळी म्हणजे बंदराजवळ होड्यांची इंजिने दुरुस्त करणाऱ्याकडून कापून, कडा घासून आणलेला पितळी पाइपचा तुकडा आहे.

विजेच्या बाजूचे काम मला एकट्याला झेपणारे नव्हते. गुणगुणीचे निदान कुडाळच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने बसल्या जागी केले: तारेला हात लावूनही गुणगुण कमी होत नाही, याचा अर्थ तारा अर्थिंगला जोडलेल्याच नाहीत. त्याने मागच्या धातूच्या पट्टीपासून जॅकपर्यंत एक वायर डाग दिली आणि काम झाले. पण गळ्याशी असलेला चुंबकीय पिकअप फक्त लोखंडी तारेची हालचाल ओळखतो, कोनाचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे स्पीकरमधून साधी इलेक्ट्रिक गिटार ऐकू येई आणि कोनावर केलेली सगळी मेहनत वाया जाई. म्हणून कोनाच्या आतल्या बाजूला, मधल्या स्क्रूशेजारी, २० मिलिमीटरची पिझो चकती, म्हणजे थरथरीचे थेट विजेत रूपांतर करणारी चकती, चिकटवली. ती सरळ मंडळाच्या मिक्सरला जोडल्यावर आवाज डास गुणगुणल्यासारखा पातळ आला, कारण पिझोला पुढच्या यंत्राकडून १० लाख ओहम किंवा त्याहून अधिक रोध लागतो आणि मिक्सरच्या इनपुटचा रोध त्यामानाने फारच कमी असतो. लॅमिंग्टन रोडवरून मुलाने पाठवलेल्या सुट्या भागांतून त्या रेडिओवाल्याने नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा प्रीॲम्प (मिक्सरच्या आधी जोडायचे, आवाजाचा संकेत वाढवणारे यंत्र) साबणाच्या डबीत बसवून दिला. दोन्ही पिकअपचे जॅक वेगळे ठेवले आहेत आणि मिक्सरवर ते दोन वेगळ्या चॅनलला जातात.

सगळ्यात शेवटी, चार महिन्यांनी, नवा कोन घेतला. मूळचा कोन साच्यात दाबून काढलेला, जाडसर होता. नवा लेथवर फिरवत हाताने ओढलेला, पातळ आणि परदेशातून मागवलेला, त्यामुळे गिटारच्या निम्म्या किमतीच्या आसपास गेला. फरक पडला, स्वर अधिक रेंगाळू लागला आणि डब्याचा आवाज गेला. परंतु घासलेल्या कडेशिवाय तो बसवला असता तर तोही तितकाच झणझणला असता, म्हणून पैसे आधी कोनावर घालवले नाहीत याचे मला समाधान आहे.

खाऱ्या हवेचा उपद्रव मात्र कायमचा आहे. पावसाळ्यात तारा तीन आठवड्यांत काळवंडतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसतो. साध्या दोन तारांवर शिलाई मशीनच्या तेलाचे बोट फिरवतो, गुंडाळलेल्या तारांवर नाही, कारण त्या मुक्या होतात. दर दोन महिन्यांनी झाकण उघडून कोनावर पांढरी भुकटी धरली आहे का, ते पाहतो.

यंदा गणपतीत वाडीतल्या मोठ्या घरी भजन होते. पिझोला स्पीकरची शिटी लवकर लागते, म्हणून मी स्पीकरच्या मागे बसलो, मिक्सरवाल्याला पिझो कमी आणि चुंबकीय थोडा जास्त ठेवायला सांगितले आणि गजर सुरू झाल्यावर पखवाजाच्या थापेबरोबर खालच्या सा वरून नळी वर ओढली. दुसऱ्या गजरानंतर बुवांनी पेटीवरचा हात थांबवून मागे पाहिले आणि म्हणाले, “गुरुजी, जरा दमान घेवा. माझी पेटी माकाच ऐकाक येणा नाय.”