ई-४

संध्याकाळी सहा चाळीसला पायरेट्सचा, म्हणजे आमच्या पिट्सबर्गच्या बेसबॉल टीमचा, सामना सुरू होतो आणि त्याच सुमारास आमच्या सिंकमध्ये भांड्यांचा ढीग झालेला असतो. या दोन गोष्टींची मी फार पूर्वी सांगड घालून टाकली. रेडिओ खिडकीत, हात साबणात. घरात डिशवॉशर आहे, पण कढई आणि कुकर त्यात घालायचे नाहीत असा आमच्या हिचा नियम आहे. शिवाय डिशवॉशर चालू असला की कॉमेंट्री ऐकू येत नाही, हा माझा नियम. मेजर लीगचा, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीवरचा, सामना रेडिओवर पहिल्यांदा ऐकवला गेला तो आमच्याच पिट्सबर्गमधून, केडीकेए स्टेशनवरून, ५ ऑगस्ट १९२१ ला. पायरेट्सनी फिलाडेल्फियाच्या फिलीजना ८-५ असं हरवलं. त्यानंतरच्या शंभर वर्षांत हरण्याचं प्रमाण जरा वाढलंय, इतकंच.

सांगलीत वाढलेल्या माणसाला हा खेळ कसा काय आवडतो, असं ऑफिसातले आपले लोक विचारतात. एका मोसमात १६२ सामने असतात, हे माझं उत्तर. दुधाच्या रतिबासारखा खेळ आहे हा. आजचा चुकला तर चुकला, उद्या पुन्हा दारात. घरात दोन लहान मुलं असलेल्या माणसाला पाच दिवसांची कसोटी झेपत नाही. आणि रात्री जागून वनडे बघावी तर सकाळी पोरगा डे-केअरला चपलांशिवाय जातो. (एकदाच झालंय हे. पण अजून ऐकवलं जातं.)

मी खऱ्या अर्थाने सापडलो तो २०१३ साली. त्याआधी पायरेट्सनी सलग वीस मोसम जिंकण्यापेक्षा हरण्याचंच काम जास्त केलं होतं. १ ऑक्टोबरला सिनसिनाटीविरुद्ध वाइल्ड कार्डचा सामना होता, म्हणजे जिंकलात तर पुढे, हरलात तर मोसम संपला. थोरला तेव्हा काही महिन्यांचा होता आणि पोटात दुखतंय म्हणून माझ्या खांद्यावर होता. स्टेडियममधले लोक समोरच्या पिचरच्या (आपल्याकडचा बोलर) नावाने हेल काढून ओरडत होते, "क्वेऽऽटो, क्वेऽऽटो." आणि क्वेटोच्या हातातून चेंडू निसटून खाली पडला. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारला, म्हणजे आपला षटकारच. मी जो ओरडलो, त्याने तासाभराच्या मेहनतीने झोपलेलं पोर उठलं, खालच्या मजल्यावरचे आजोबा उठले आणि नाइट शिफ्टला जायच्या आधी पाठ टेकलेली बायकोही उठली. ती एवढंच म्हणाली, "जिंकले ना? आता झोपव याला." जिंकले होते, ६-२.

आता थोरल्याला बेसबॉलमध्ये काडीचा रस नाही. तो चेलो वाजवतो. धाकटी मात्र खेळते. दहा वर्षांची आहे, लिटल लीगच्या, म्हणजे पोरांच्या बेसबॉलच्या, टीममध्ये एकटी मुलगी. लिटल लीग १९३९ मध्ये आमच्याच पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला सुरू झाली, पण मुलींना खेळायची परवानगी मिळायला १९७४ उजाडलं. धाकटीला हे सांगितलं तर म्हणाली, "इतका वेळ का लागला?" मला उत्तर आलं नाही.

टीमच्या पहिल्या मीटिंगला कोचने विचारलं, स्कोअर कोण लिहील? सगळे पालक एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मी हात वर केला. आमचे अण्णा सांगलीत क्लबचे स्कोअरर होते. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन शाईची पेनं, काखेत लांबडी वही. मेडन ओव्हरचे सहा टिंब जोडून ते इतका सुबक एम काढायचे की बोलर ओव्हर संपल्यावर तो बघायला यायचे. त्यामुळे मला वाटलं, यात काय अवघड आहे.

अवघड नाही, पण जात वेगळी आहे. प्रत्येक बॅटरसाठी एक चौकोन, चौकोनात एक हिरा, आणि माणूस जसा बेसवर पुढे सरकेल तशी हिऱ्याची कड गडद करायची. फील्डरना नावं नाहीत, आकडे आहेत: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून फर्स्ट बेसला फेकला आणि बॅटर बाद झाला तर ६-३. बॅटरने चेंडू वाया घालवला की स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइकना बाद. तिसऱ्या स्ट्राइकला बॅट फिरवून चुकला तर वहीत के. नुसताच बघत उभा राहिला तर उलटा के. हा के बसवला हेन्री चॅडविकने. चॅडविक जन्माने इंग्लंडचा, न्यूयॉर्कला आधी क्रिकेटच्याच बातम्या लिहायचा. हे कळल्यापासून आपण कुणाच्या तरी ओळखीने या घरात शिरलोय असं मला वाटतं.

क्रिकेटच्या वहीत झेल सुटल्याची नोंद नसते. बॅट्समन चारावर वाचला आणि साठ करून गेला, तरी वहीत फक्त साठ. बेसबॉलमध्ये तसं नाही. इथे ई लिहितात आणि पुढे त्या फील्डरचा आकडा. ई म्हणजे एरर. साधारण प्रयत्नात व्हायला हवं होतं ते झालं नाही, असा स्कोअररचा निवाडा.

आमची धाकटी सेकंड बेसला खेळते. म्हणजे चार नंबर.

मागच्या शनिवारची गोष्ट. आई एप्रिलपासून आमच्याकडे आली आहे. तिला सकाळी पेन हिल्सच्या व्यंकटेश्वराला नेलं आणि तिथून थेट मैदानावर. येताना तिने दहीभात बांधून घेतला होता. फोल्डिंग खुर्चीत बसून ती पहिल्यांदाच बेसबॉल बघत होती. डगआउटमधली, म्हणजे टीमच्या बाकावरची, पोरं सूर्यफुलाच्या बिया फोडून टरफलं थुंकत होती, त्यावरून तिची नजर हलेना. "आरं, ही खेळायला आलीत का थुंकायला?"

पाचवी इनिंग, आम्ही ५-४ ने पुढे. (या वयात सहाच इनिंग असतात.) दोन बाद, तिन्ही बेस भरलेले. पिचिंगला आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा, तोही दहाच वर्षांचा. त्याचे अडुसष्ट चेंडू झाले होते. या वयोगटात दिवसाला पंचाहत्तरच टाकता येतात, आणि ते मोजायचं कामही माझ्याकडेच. चेंडू धाकटीच्या डाव्या हाताला आला. वेगात होता, पण सरळ. दोन पावलं टाकून ती वाकली, ग्लव्ह खाली नेला, चेंडू ग्लव्हमध्ये शिरला आणि ससा बिळातून निसटावा तसा बाहेर पडून उजवीकडच्या गवतात गेला. दोन जण होमला पोचले. ५-६.

शेजारी समोरच्या टीमची स्कोअरर बसली होती. तिने पेन्सिल उचलून माझ्याकडे बघितलं. हिट, म्हणजे बॅटरची कमाई, की एरर?

मी हिट लिहिलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. वेग होता ना चेंडूला. पण मग त्या दोन धावा पिचरच्या नावावर चढल्या असत्या. एरर दिली तर तिसरा गडी बाद व्हायलाच हवा होता असं धरतात, त्यापुढच्या धावा पिचरच्या खात्यात मोजत नाहीत. दहा वर्षांच्या पोरांचा इआरए (पिचरच्या खात्यातल्या धावांची सरासरी) कोण बघतो, असं वाटेल. सगळ्यांचे आईबाप बघतात, फोनवर, मैदानातून गाडीकडे जाताना. तो पोरगा पिचरच्या टेकाडावर उभा राहून टोपीचं टोक चावत होता.

"ई-४," मी म्हटलं. ती बाई काही बोलली नाही, तिने लिहून घेतलं. मीही लिहिलं. चार काढताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

अण्णांच्या वहीत झेल सुटला की त्या बॅट्समनच्या आकड्यावर पेन्सिलीने एक बारीक फुली असायची, फक्त स्वतःसाठी. एकदा माझ्याच हातून सुटलेल्या झेलावर ती फुली दिसली. मी विचारलं, नाव का नाही लिहिलंत? तर म्हणाले, "नाव कशाला? आख्ख्या गल्लीला माहितीये."

सामना ७-५ असा हरलो. गाडीत धाकटी मागे खिडकीला डोकं टेकवून बसली होती. दहीभाताचा डबा आईच्या मांडीवर. मनरोव्हिलच्या सिग्नलला आवाज आला, "बाबा, तू एरर दिलास?"

"हो."

"हिट नाही देऊ शकत होतास?"

"दोन पावलांवर होता गं. तू तो रोज घेतेस."

बराच वेळ काही नाही. मी रेडिओ लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

घरी आल्यावर मी भांडी घासत होतो. आई टेबलावर वही उघडून बसली होती. तिला अण्णांच्या वहीची सवय, त्यामुळे आकडे दिसले की ती वाचायला घेतेच. धाकटी तिच्या खुर्चीच्या दांडीवर बसून दहीभात खात होती.

"हे काय गं, ई-४?"

"ई म्हणजे एरर. चार म्हणजे मी."

"असं होय." आईने पान उलटलं, चष्मा सारखा केला. "आणि ह्यो उलटा के कुणाचा?"

"तोपण माझाच," धाकटी म्हणाली आणि डब्याच्या तळाशी राहिलेली मिरची शोधायला लागली.