हर की दून: पाणी नितळ होतं, म्हणूनच फसलो

उत्तराखंडातल्या हर की दूनचा ट्रेक करून परत येऊन चार दिवस झाले होते. सकाळी सहाला चहा ठेवायला उठले तर धाकटी जाऊ ओट्याला धरून उभी. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, ढेकरांना सडक्या अंड्यांचा वास, रात्रीतून सहा वेळा उठलेली. घरात सगळ्यांनी खापर फोडलं आदल्या दिवशीच्या सावजी रश्श्यावर. तीन दिवस ताकभात आणि पेजेवर काढले. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "इतक्यात बाहेर कुठे गेला होतात का?" आणि शौचाची तपासणी लिहून दिली. रिपोर्टात जिआर्डिया निघाला. हा परजीवी पोटात गेला की त्रास सुरू व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. आजारी पडली त्या सकाळपासून मी कॅलेंडरवर मागे दिवस मोजत गेले. अकरा भरले. बोट टेकलं ते तालुका नावाच्या गावापुढच्या त्या काळ्या पाइपवर.

म्हणून हा वृत्तांत जवळजवळ सगळा पाण्याचाच आहे. आम्ही तिघं गेलो होतो: मी, जाऊ आणि तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा. मेचा पहिला आठवडा, नागपूर पंचेचाळीसच्या घरात. रेल्वेनं दिल्ली, तिथून डेहराडून, मग मोरी, नेटवाड करत दहा तासांची गाडी आणि सांकरी गाव. स्वर्गारोहिणीची शिखररांग पाहिली, डोळे भरून पाहिली. तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पाठीवर दहा किलो घेऊन नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढावर तासभर न थांबता चालता येत नसेल, तर आधी ते जमवा. त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

फोनवर आयोजकांना मी दोनदा विचारलं होतं, पाण्याचं काय? उत्तर आलं, "वाटेत झरेच झरे आहेत, कॅम्पवर फिल्टरचं पाणी मिळेल, तुम्ही फक्त बाटली आणा." पहिल्या मुक्कामी मी तो फिल्टर बघायला स्वयंपाकाच्या तंबूत गेले. निळ्या पिंपाच्या तोंडावर मलमलचं फडकं ताणून बांधलेलं होतं. तोच फिल्टर. आचारी बिचारा प्रामाणिक होता, त्याला जे सांगितलं ते तो करत होता. फसवणूक त्याची नव्हती, ज्यांनी फोनवर 'फिल्टर' हा शब्द वापरला त्यांची होती.

फडक्यानं काहीच होत नाही असंही नाही. बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून पाणी गाळल्यावर कॉलरा जवळपास निम्म्यानं घटला, हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. पण तिथे कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात, ते जीव कापडात अडकतात. जिआर्डिया सुटा असतो आणि फडक्यातून सहज पार होतो. फडकं गाळ अडवायला चांगलं. त्यातून गाळलेलं पाणी पिऊ नका.

आता तो पाइप. तालुका गावाहून सीमा या मुक्कामाच्या गावाकडे निघालं की वाट सुपिन नदीच्या काठानं देवदार-अक्रोडांतून जाते. गंगाड गावाच्या अलीकडे डोंगराच्या अंगाला एक काळा रबरी पाइप खोचलेला आहे. पाणी असं नितळ की स्टीलच्या पेल्यात ओतलं तर पेला रिकामाच वाटावा. दात शिवशिवतील इतकं थंड. सोबतचा वाटाड्या म्हणाला, "सीधा पहाड़ से आता है दीदी, पी लो." जावेनं दोन पेले पिऊन बाटलीही भरली. मी बाटलीत क्लोरीनचे थेंब टाकले, पण तहान इतकी लागली होती की दहा मिनिटांतच तोंडाला लावली. पुतण्यानं स्वतःच्या फिल्टरमधून प्यायलं.

परतीच्या दिवशी तिथेच टेकलो. पुतण्या पाइप धरून वर चढला, पाच मिनिटांनी वरून ओरडला, "मोठी आई, वर ये लवकर, हे पाहा!" मी गेले. जेमतेम साठ-सत्तर फुटांवर पाइपाचं तोंड एका डबक्यात बुडवून वर तीन दगड ठेवले होते. डबक्याच्या काठावर खेचरांच्या खुरांचे ठसे, त्यात साचलेलं पाणी परत डबक्यातच झिरपत होतं. मेंढ्यांच्या लेंड्या इतक्या की पाय ठेवायला जागा नाही, काही तर पाइपाच्या तोंडाशीच तरंगत होत्या. वर कुरण होतं, कळप तिथूनच उतरत होता. जाऊ खालून विचारत होती, "काय आहे बे वर?" आम्ही दोघांनी तिला तेव्हा काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. डॉक्टरांपुढे तीन दिवस वाचले असते.

हिमालयात पाणी गढूळ असेल तर माणूस आपसूक जपतो. फसवतं ते नितळ पाणी. पाइप दिसला की वर जाऊन त्याचं दुसरं तोंड बघा. तेवढं चढायला अंगात बळ नसेल तर ते पाणी नदीचंच समजून शुद्ध करा.

जाताना पाइपाचं पाणी प्यायलो, त्याच दुपारी पाऊस आला. दुपारी बर्फ वितळून नदी तशीही फुगते, त्यात वरून माती. सीमाला पोचेपर्यंत सुपिन सिमेंट कालवल्यासारखी करडी झाली होती. मी बाटली भरून उंच धरली तर पलीकडची बोटं दिसेनात. पुतण्याचा फिल्टर पिळून वापरायचा, पोकळ धाग्यांचा, ०.१ मायक्रॉन छिद्रांचा. अर्धा लिटर निघालं आणि धार आटली. दोन्ही हातांनी पिळलं तरी थेंब-थेंब. हा फिल्टर उलट्या बाजूनं पाणी मारून धुवायची एक पिचकारी येते. ती नागपुरात कपाटात राहिली होती. इवलीशी वस्तू. ती सोबत नसेल तर फिल्टर नेऊ नका, इतकं मी ठामपणे सांगते.

गढूळ पाण्यात थेंब टाकूनही उपयोग थोडा. क्लोरीन गाळातच खर्च होतं, जंतूंपर्यंत पुरेसं पोचत नाही. अतिनील किरणांच्या पेनचंही तेच, गाळाच्या कणाआड जंतू सावलीत राहतो. म्हणजे खिशात हजारोंची साधनं असली तरी गाळ बसवल्याशिवाय सगळी निकामी.

गाळ बसवायचं ज्ञान तर आपल्या घरातलंच. माझी आजी पावसाळ्यात विहिरीचं पाणी आलं की निवळीचं बी रांजणाच्या आतल्या अंगाला घासायची. सकाळी वरचं पाणी स्वच्छ, तळाशी चिखलाची साय. आमच्याकडे निवळी नव्हती, पण जावेच्या बटव्यात तुरटी होती, हातांच्या भेगांसाठी आणलेली. डब्यातल्या पाण्यात खडा आठ-दहा वेळा फिरवला, झाकून ठेवला. थंडीमुळे वेळ लागला, तासभर तरी. मग वरचं पाणी हलक्या हातानं ओढणीच्या चार घड्यांतून ओतून घेतलं. त्यानंतर फिल्टर चालला. त्या संध्याकाळी तो पहिला लिटर भरला तेव्हा मला झालेला आनंद दुसऱ्या दिवशी हर की दूनला पोचल्यावर झाला त्याहून कमी नव्हता.

हर की दून साडेतीन हजार मीटरवर आहे. सीमाहून तिथवरचा दिवस सुंदर, वाट सरळ, त्यात सांगण्यासारखं काही नाही. रात्री मात्र तंबूवर दहिवर गोठलं. सकाळी पुतण्यानं फिल्टर उचलला तर आत बर्फ खुळखुळत होता. उन्हात ठेवल्यावर पाणी कालच्यापेक्षा भराभर येऊ लागलं आणि जाऊ खूश झाली. पुतण्याचा चेहरा पडला. धाग्यांच्या भिंतीत अडकलेलं पाणी गोठून फुगलं की धागे चिरतात. चीर डोळ्यांना दिसत नाही, डोंगरात तपासायचा मार्ग नाही, आणि धार वाढली म्हणजे जंतूही सुखानं पार होत असणार. दोन हजारांहून जास्त किमतीचा फिल्टर एका रात्रीत गेला. एकदा पाणी लागलेला फिल्टर थंडीत रात्री प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घ्यायचा. दिवसाही थंडी असेल तर अंगाच्या जॅकेटमध्ये. गोठला अशी शंका जरी आली तरी फेकायचा.

तिथून पुढे उकळलेलं पाणी. चहाच्या तंबूत लिटरला शंभर रुपये घेतले. रॉकेल, गॅस, सगळं खेचरावरून येतं, तेव्हा उकळलेल्या पाण्याला शंभर रुपये मी हसत देईन. माझा राग दराचा नाही. पहिल्या बाटलीच्या वेळी मी पातेल्याशी उभी राहिले. तळाशी बारीक बुडबुडे धरले, कडेला वाफ सुटली आणि पोरानं पातेलं उतरवलं. मी म्हटलं, अजून उकळलं नाही. तो म्हणाला, "गरम तो है." पुन्हा चढवायला लावलं. पाण्याला खळखळा उकळी फुटली, तरी मी घड्याळात तीन मिनिटं मोजली. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं, हा नियम लक्षात ठेवा. तंबूतल्या एका काकांचं म्हणणं होतं की उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं म्हणून उकळण्यात अर्थ नाही. हे चुकीचं आहे. त्या उंचीवर पाणी साधारण ८८ अंशांना उकळतं आणि पोट बिघडवणारे जंतू मारायला ते पुरेसं आहे. पातेलं झाकून उकळा, इंधन वाचतं.

पुन्हा गेले तर पाणी असं करणार. आधी गाळ बसवणं, मग कापड, मग फिल्टर, त्यावर थेंब. फिल्टर जिआर्डिया आणि त्याच्यासारखाच पोट बिघडवणारा परजीवी क्रिप्टोस्पोरिडियम अडवतो, पण विषाणू त्याच्या छिद्रांतून निसटतात. क्लोरीन विषाणू मारतं, पण क्रिप्टोस्पोरिडियमला काही करत नाही आणि थंड पाण्यात जिआर्डियावरही सावकाश चालतं. म्हणून दोन्ही हवेत, नाहीतर उकळणं, जे एकटंच पुरतं. थेंब किती ते बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच, कारण प्रत्येकाची तीव्रता वेगळी. अर्धा तास लिहिला असेल तर बर्फाच्या पाण्याला एक तास द्या. सकाळी निघताना दोन बाटल्या तयार असतील तर तहानेच्या भरात घाई होत नाही. माझी घाई तिथेच झाली. मला काही झालं नाही हा नशिबाचा भाग, पद्धतीचा नाही.

दोन चुका आम्ही रोज करत होतो, नंतर कळल्या. थेंब टाकल्याबरोबर वास मारायला लिंबाची पावडर टाकत होतो. क जीवनसत्त्व क्लोरीन संपवून टाकतं, म्हणजे औषध आणि उतारा एकत्र. पावडर टाकायची ती वेळ पूर्ण झाल्यावरच. दुसरी, बाटलीच्या तोंडाचे आटे. बाटली नदीत बुडवून भरली की आट्यांत कच्चं पाणी राहतं आणि ओठ तिथेच लागतात. थेंब टाकून पाच मिनिटांनी झाकण थोडं सैल करून बाटली उलटी करा, आटे धुतले जाऊ द्या. कच्च्या पाण्याच्या बाटलीला लाल चिकटपट्टी गुंडाळा आणि ती बाटली दुसऱ्या कशालाच वापरू नका.

पाणी शुद्ध करायला आयोडीन असलेल्या गोळ्या कुणी देऊ केल्या तर थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईनं घेऊ नयेत. बंद बाटल्या वर नेऊ नका. तो गोविंद पशुविहार या अभयारण्याचा परिसर आहे, रिकाम्या बाटल्या कुणीही खाली आणत नाही, सीमाला झुडपांत खच पडलाय.

नागपुरात सगळ्या वस्तू मिळतात. क्लोरीनचे थेंब सीताबर्डीतल्या औषधाच्या दुकानात, तुरटी इतवारीत किराण्याकडे. नीरीसारखी पाणी-पर्यावरणावर काम करणारी संस्था १९५८ पासून आपल्या शहरात आहे, घरोघरी आरओ लागलाय, आणि तरी डोंगरात गेल्यावर आपण एका रबरी पाइपावर भरवसा टाकतो, याचं मला अजून वाईट वाटतं. आयोजकांना फोनवर 'फिल्टर आहे का' असं विचारू नका. कोणता आहे, किती मायक्रॉनचा, शेवटचा कधी बदलला, फोटो पाठवा, असं विचारा. उत्तर टाळलं तर पैसे भरू नका.

जाऊ आता बरी आहे. गोळ्या पूर्ण केल्या, तरी दूध पुढचे दोन आठवडे पचलं नाही. ट्रेकहून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत कुणाचं पोट बिघडलं तर आदल्या दिवशीच्या जेवणाला दोष देत बसू नका. डॉक्टरांकडे गेल्या-गेल्या पहिल्या वाक्यात सांगा, डोंगरात गेलो होतो आणि ओढ्याचं पाणी प्यायलो.