कातळावरची चौकट: तिसऱ्या पावसाळ्याची नोंद

सड्यांवर, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या उघड्या कातळ-पठारांवर, पावसाळ्यात काय काय उगवतं ते मीटरभराच्या चौकटीत मोजायच्या या कामात यंदा तीन गोष्टी बदलल्या: चौकटीचा दोरा, जागेची खूण, आणि मोजायचं नक्की काय. तिसरी गोष्ट सगळ्यांत उशिरा सुचली आणि तीच सगळ्यांत आधी सुचायला हवी होती. सडे रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातले आहेत. नेमकी ठिकाणं मुद्दाम लिहीत नाही. फुलांचा फोटो ठिकाणासकट फिरला की पुढच्या रविवारी तिथे गाड्या लागतात.

चौकट

अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाचे चार तुकडे, चार एल्बो. आतलं माप 1 मीटर × 1 मीटर हवं. पाइप बरोबर मीटरभर कापला तर एल्बोमुळे आतलं माप काही सेंटिमीटरनी चुकतं. आधी कोरडंच जुळवून टेपने मोजावं, मग कापावं. सोल्यूशन तीनच कोपऱ्यांना लावायचं. चौथा मोकळा ठेवला की झुडपाभोवती चौकट सरकवता येते आणि स्कूटरवरून नेतानाही बरं पडतं.

बंद पाइप डबक्यात तरंगतो, आणि तरंगती चौकट दर श्वासाला वेगळी जागा दाखवते. दर 20 सेंटिमीटरला 3 मिलिमीटरचं भोक पाडलं की पाणी आत शिरून ती बसते.

दोरा पहिल्या वर्षी सुती होता, तो कुजला. दुसऱ्या वर्षी हिरवा नायलॉन घेतला, तो गवतात दिसेना. यंदा नारिंगी तंगूस, दर 10 सेंटिमीटरला, उभे नऊ आणि आडवे नऊ. म्हणजे 81 छेदबिंदू. प्रत्येक बिंदूवर सायकलची स्पोक उभी सोडायची आणि तिला काय काय लागतं ते वरून खाली लिहायचं: पान, शेवाळ, माती, उघडा दगड, पाणी. तिरकं उभं राहून वाचलं तर उंच गवताचा वाटा फुगतो आणि जमिनीलगतची सीतेची आसवं किंवा दवबिंदू ही बारकी कीटकभक्षी झाडं सुटतात. डोकं बिंदूच्या बरोबर वर हवं. पाठ दुखते, त्याला इलाज नाही.

खूण

कातळात खुंटी शिरत नाही. ऑइलपेंटवर जुलै संपेपर्यंत शेवाळ चढतं. ड्रिलने भोक पाडून पितळी स्क्रू बसवायची सूचना अनेकजण करतात, पण या पट्ट्यात ती नकोच. इथल्या कातळशिल्पांतली बरीचशी मातीच्या पातळ थराखाली आणि गवताखाली झाकलेली असतात. जिथे आपल्याला नुसता दगड दिसतो तिथे खाली माशाची शेपटी कोरलेली असू शकते. मोबाइलचा जीपीएस चार-पाच मीटर सहज चुकतो, म्हणून एक मीटरच्या चौकटीला त्याचा उपयोग फक्त सड्यापर्यंत पोचण्यापुरता.

जमलेली पद्धत साधी आहे: न हलणाऱ्या दोन वस्तू निवडायच्या (गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, कोपरा, पुरुषभर धोंडा) आणि दोन्हींपासून चौकटीच्या वायव्य कोपऱ्यापर्यंतचं अंतर टेपने सेंटिमीटरमध्ये लिहायचं. सोबत त्या कोपऱ्यातून दोन्ही दिशांचे फोटो. गडगा मात्र जुना बघून घ्यावा, नवे गडगे दर वर्षी सरकतात.

हे सगळं आगोटीला, एप्रिल-मेमध्येच उरकायचं. खळगे, भेगा, सुटे दगड तेव्हाच दिसतात. एकदा हिरवं झालं की सगळा सडा एकसारखा वाटतो, आणि तो तसा नसतो: उघडा काळा दगड, पाणी झिरपणारी पातळ माती, ऑगस्टपर्यंत टिकणारी डबकी, भेगा, आणि जिथे वीतभर माती साचली आहे असे कोपरे. प्रत्येक प्रकारात निदान पाच चौकटी हव्यात. मातीची खोली बारीक लोखंडी विणकामाच्या सुईवर मिलिमीटरच्या खुणा करून मोजावी, चौकटीत पाच ठिकाणी. ही एवढीशी सुई पुढचं निम्मं कोडं सोडवते.

मृग ते पुनर्वसू

पहिल्या सरींनंतर दहा-बारा दिवसांत फेरी हवीच. डिपकॅडी कॉन्कनेन्स हा पांढऱ्या फुलांचा कंद फक्त कोकणच्या कातळांवरचा. तो याच काळात फुलतो आणि पाऊस स्थिरावला की गवतात हरवतो. जुलैअखेर गेलं तर तो ‘नाही’ म्हणून नोंदला जातो, आणि मग तीन वर्षांनी कोणीतरी तो नष्ट झाल्याचं लिहितं. फेऱ्या दर 13-14 दिवसांनी, म्हणजे साधारण दर नक्षत्राला एक. नक्षत्र बदलल्याचं गावात कोणीतरी सांगतंच, वेगळा गजर लावावा लागत नाही.

डबक्यांत वाइस्नेरिया ट्रायअँड्रा ही पाणवनस्पती शोधावी. वाइस्नेरिया या प्रजातीतल्या इतर जाती आफ्रिका आणि मादागास्करात आहेत, भारतात ही एकटी, पश्चिम किनाऱ्यालगत. पाणी ढवळलं की पानं चिखलाने माखतात आणि ओळख बुडते, म्हणून आधी फोटो, मग चौकट.

पुष्य ते मघा

सड्याचा खरा हंगाम. जांभ्यात लोह आणि अॅल्युमिनियम भरपूर, पण नायट्रोजन-फॉस्फरस फार कमी, आणि आहे तो फॉस्फरसही लोहाला धरून बसलेला. खत नसलेल्या या वाफ्यात युट्रिक्युलेरिया (सीतेची आसवं) ओल्या मातीतल्या फुग्यांत सूक्ष्म जीव पकडते आणि ड्रॉसेरा (दवबिंदू) पानांवरच्या चिकट थेंबांत माशा. म्हणून या दोघी मातीच्या सर्वांत पातळ थरावर दाट दिसतात. तिथे सुई जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर जाते. जिथे ती खोल जाते तिथे उंच गवत त्यांना सावलीत गाडतं.

ओळखीच्या चुका इथेच सगळ्यांत जास्त. युट्रिक्युलेरियाचा फोटो समोरून काढून भागत नाही, फुलामागची शेपटी दिसेल असा बाजूचाही हवा. गेंद, म्हणजे एरिओकॉलॉन, फोटोवरून जातीपर्यंत न्यायचा मोह आवरावा. त्यासाठी फुलाचे भाग आणि बी भिंगाखाली पाहावं लागतं. तोवर ‘एरिओकॉलॉन अ’, ‘ब’ असं लिहिलेलं चालतं, चुकीचं नाव चालत नाही. गवतांचं तसंच: ग्लायफोक्लोआ रत्नागिरिकासारखं जिल्ह्याचं नाव लावणारं गवतसुद्धा उत्तरा-हस्तात कणीस पिकल्याशिवाय नक्की सांगता येत नाही.

फोटोवर काळी छत्री धरावी. ओल्या पानांची चमक गेली की रंग खरे येतात.

सुटे दगड

हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस ही पांढऱ्या पट्ट्यांची जमिनीवर राहणारी पाल 1963 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ल्याहून वर्णिली गेली. तिची जवळची नातलग हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस 2008 मध्ये साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरून. मध्ये सह्याद्रीची उभी भिंत आणि जंगल. उघड्या दगडावर जगणाऱ्या पालीला ते समुद्रासारखंच. वनस्पतींचंही असंच: साताऱ्याच्या पठारांवरचा वायतुरा इथल्या डबक्यांत नाही, इथला डिपकॅडी तिकडे नाही. दोन्हीकडे जांभाच, पण सडे म्हणजे बेटं.

या पाली दिवसा सुट्या दगडाखाली असतात. तिथेच फुरसंही असतं. दगड हाताने नाही, लोखंडी आकड्याने (हुकाने) उचलायचा, आणि तो आपल्याकडे झुकवून, म्हणजे फट पलीकडे उघडते. पाहून झालं की त्याच बाजूने, त्याच खळग्यात ठेवायचा. उलटा ठेवला तर खालची ओल जाते आणि अंडी असतील तर ती वाळतात. एक दगड एका हंगामात एकदाच. काळ्या शेवाळावर गमबूटही घसरतो, आणि गडगडायला लागलं की सडा सोडायचा, कारण तिथे सगळ्यांत उंच आपणच असतो.

मोजायचं काय

दोन वर्षं ‘एकूण जाती’ हा रकाना भरला आणि त्याने फसवलं. हापूसच्या नव्या बागेतल्या चौकटी उघड्या कातळाच्या बरोबरीला येत होत्या, कधी पुढेही जात. कारण उघड आहे. कलमासाठी साधारण 10 मीटर अंतरावर मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा घ्यायचा, म्हणजे हेक्टरी 100 खड्डे. कातळात ते सुरुंगाने किंवा मशीनने घेतात आणि बाहेरच्या मातीने भरतात. मातीबरोबर टाकळा, रानमोडी, रानतुळस, लाजाळू यांचं बी येतं. खत-पाणी मिळालं की ही मंडळी खड्ड्याबाहेर सांडलेल्या मातीवरही पसरतात. यादी वाढते. घटतं ते पातळ मातीवरचं, आणि एकूण आकड्यात ते दिसत नाही.

म्हणून यंदा दोन बदल. प्रत्येक जातीपुढे खूण: ‘का’ म्हणजे कातळाचीच, ‘स’ म्हणजे कुठल्याही ओल्या माळावर सापडणारी, ‘आ’ म्हणजे आगंतुक. खुणा हंगामाआधी वनस्पतिसूचीवरून ठरवायच्या, चौकटीशेजारी उकिडवं बसून नाही.

दुसरा बदल, चौकटींच्या जोड्यांचं साम्य काढायचं: सामाईक जातींची दुप्पट भागिले दोन्ही चौकटींच्या जातींची बेरीज. उदाहरणादाखल, एकीत 14, दुसरीत 16, सामाईक 3, तर 6 ÷ 30 = 0.2. खाडीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या सड्यांवरच्या डबक्यांची जोडी लावा, मग तितक्याच अंतरावरच्या दोन बागांची. बागांचा आकडा वर सरकला तर सगळीकडे तीच झाडं पसरताहेत असं समजायचं. एकट्या बागेची यादी हे कधीच सांगत नाही.

तुलना एकाच सड्यावरची हवी. बागा मुळातच जिथे थोडी माती होती तिथे लागतात, त्यामुळे बागेजवळच्या कातळाची चौकट निवडताना मातीची खोली जुळवून घ्यावी, नाहीतर मातीचा फरक बागेच्या माथी बसतो. चिरेखाणीच्या काठची चौकट वेगळ्या गटात टाकावी. खाणीकडे पाणी निथळतं, वरची डबकी लवकर आटतात, आणि मशीनची लाल धूळ पानांवर बसते. गडग्यासाठी दगड वेचलेली जागाही वेगळी. तिथे फुलं जागच्या जागी असतात आणि पालींचा निवारा गेलेला असतो, एका रकान्यात दोन्ही मावत नाही.

गुरं चरतात की नाही हेही लिहावं. चराई बंद झाली की काही ठिकाणी उंच गवत माजून बारक्यांना झाकतं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना ड्रॉसेरा, ऑर्किडं आणि पाली यांचं ठिकाण ‘अस्पष्ट’ करून टाकावं.

हस्तानंतर

तंगूस सैल झाली आहे, उन्हात चौकट वाळवून पुन्हा ताणायची. गवतांचे नमुने जुन्या वर्तमानपत्रांत, पहिले चार दिवस रोज कागद बदलून, नाहीतर कणसांवर बुरशी येते आणि बी गळून पडतं. वणव्याआधी, डिसेंबरात, सगळ्या चौकटींचे कोरडे फोटो एकदा काढून ठेवायचे. जळालेल्या आणि न जळालेल्या चौकटी पुढच्या मृगाला वेगळ्या मोजायच्या आहेत.