काउंटी जेलची मुलाखत: जाण्याआधी विचारा, काच की स्क्रीन?

भाचा ४५ दिवस कॅलिफोर्नियातल्या एका काउंटी (म्हणजे जिल्हा) जेलमध्ये होता. काय केलं होतं ते इथे लिहिणार नाही. केलं होतं, शिक्षा झाली, भोगली. मी त्याची मावशी, फ्रीमाँटला राहते. त्या ४५ दिवसांत मुलाखतीला, म्हणजे त्याला भेटायला, पाच वेळा गेले. एकट्याने जाऊन डोकं आपटून घेण्याआधी कुणीतरी मराठीत नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे लिहितेय. काउंटीचं नाव विचारू नका. गाडी चालवता येते, तासन् तास उभं राहता येतं आणि सगळी कागदपत्रं जागेवर आहेत, हे गृहीत धरते.

आधी एक घोळ मिटवू. जेल आणि प्रिझन इथे वेगळे. काउंटीचं जेल शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) ताब्यात असतं. खटला सुरू असलेले आणि कमी शिक्षेचे लोक तिथे असतात (२०११ पासून कॅलिफोर्नियात काही लांब शिक्षावालेही). प्रिझन राज्याचं. नेटवर वाचलेलं निम्मं प्रिझनबद्दल असतं आणि तिथेच माणूस फसतो. मला तीन जणांनी छातीठोकपणे सांगितलं होतं की कॅलिफोर्नियात कैद्यांचे फोन फुकट झाले. झाले, १ जानेवारी २०२३ पासून, पण राज्याच्या प्रिझनमध्ये. काउंटी जेलला तो कायदा लागू नाही. सॅन फ्रान्सिस्कोने आपल्या जेलमधले फोन २०२० मध्येच फुकट केले, पण ते त्या काउंटीचं झालं. आमच्या काउंटीला अशी बुद्धी झालेली नव्हती.

आता पहिली फेरी. तिच्यावर मी अजून चिडलेली आहे.

मुलाखत सकाळी ८ची. ॲपवर वेळ घेतली होती, अर्धा तास आधी हजर राहायचं. ११० मैल. पाचला निघाले, ६८० वरून ५८० हायवे धरला, आल्टामाँटची चढण ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. खाली व्हॅलीत उतरले आणि टुली धुक्यात शिरले. डिसेंबर-जानेवारीत सेंट्रल व्हॅलीत जाणार असाल तर हा शब्द पाठ करा. पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसेनासे होतात. हायवे ९९ वर मी ताशी ३० मैलांच्या वेगाने, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून चालवलं. पोचले ७:४२ ला. काउंटरवरची बाई म्हणाली, "चेक-इन साडेसातला बंद झालं." धुक्याचं सांगितलं. ती म्हणाली, धुकं रोजच असतं. खरंच होतं, म्हणून जास्त राग आला.

दुपारी दीडची वेळ शिल्लक होती, ती घेतली. मधले तास पार्किंगमध्ये. स्वच्छतागृह लॉबीत, पण लॉबीत नुसतं बसायला परवानगी नाही. आत पर्स चालत नाही, फोन चालत नाही, लॉकरला पंचवीस सेंटचं नाणं लागतं आणि नाणं सुटं करून देणारं कुणी नाही. एका मेक्सिकन आजीने न मागता दोन नाणी हातावर ठेवली. तिच्याकडे नाण्यांची अख्खी पिशवी होती. तिची किती वर्षं या लॉबीत गेली, ते मी विचारलं नाही.

मेटल डिटेक्टरमधून जाताना मंगळसूत्र, बांगड्या, ब्राची तार, सगळ्यावर शिट्टी वाजते. मंगळसूत्र घरी ठेवून जा. भावनिक होऊ नका, रांग अडते. बिनबाह्यांचं, गुडघ्याच्या वर जाणारं, आणि कैद्यांच्या कपड्यांच्या रंगाचं काही चालत नाही. माझ्यापुढच्या मुलीला नारिंगी टी-शर्टमुळे परत पाठवलं. साधी काळी पँट, पूर्ण बाह्यांचा करडा कुर्ता, विषय संपला.

एवढं सगळं पार करून दीड वाजता आत गेले. मी काचेची कल्पना केली होती. पलीकडे तो, अलीकडे मी, मध्ये फोनचा रिसीव्हर. खोलीत होते भिंतीवर लावलेले स्क्रीन आणि समोर बोल्टने जमिनीला घट्ट बसवलेली स्टुलं. स्क्रीनवर भाचा आला. त्याचा पहिला प्रश्न:

"मावशी, तू घरूनच बोलतेयस ना?"

"नाही रे. इथेच आहे. तुझ्याच बिल्डिंगमध्ये, खाली."

तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "अगं, मग आलीस कशाला?"

त्या अर्ध्या तासात तीनदा चित्र गोठलं. त्याच्या बाजूचा कॅमेरा इतका वर होता की कपाळच जास्त दिसत होतं. खाली वाकला की हनुवटी दिसायची.

घरी येऊन वाचत बसले तेव्हा कळलं ते असं. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला: १ जानेवारी २०१७ ला ज्या जेलमध्ये प्रत्यक्ष भेट मिळत होती, तिथे ती बंद करून नुसता व्हिडिओ ठेवता येत नाही. पण ज्यांनी त्याआधीच स्क्रीन बसवून टाकले, ते सुटले. अशा जेलवर बंधन एवढंच की घरून केलेल्या व्हिडिओभेटीचा दर आठवड्याचा पहिला तास फुकट द्यायचा. म्हणजे जे मी २२० मैल, एक दिवस आणि टाकीभर पेट्रोल घालून पाहिलं, ते सोफ्यावर बसून फुकट दिसलं असतं. हे ना ॲपवर ठळक लिहिलंय, ना काउंटरवर कुणी सांगत.

म्हणून निघण्याआधी जेलला फोन करून एकच प्रश्न विचारा: "ऑनसाइट भेट म्हणजे काच की स्क्रीन?" स्क्रीन म्हणाले तर जाऊ नका. मी नंतर चार वेळा गेले, कारण पोरगा नुसतं "आलीस कशाला" म्हणाला तरी पुढच्या वेळी "येणारेस ना" असंही विचारत होता. त्या फेऱ्या ठीक झाल्या. लिहिण्यासारखं काही नाही.

सगळ्यात आधी तो कुठे आहे तेच सापडायला दीड दिवस गेला होता. शेरीफच्या साइटवर नाव टाकून शोधता येतं, पण आपल्या नावात बाप मध्ये बसलेला असतो. भाच्याचं पहिलं नाव आणि वडिलांचं नाव जोडून एकच केलं होतं आणि आडनावात एक अक्षर चुकलं होतं. नुसतं आडनाव टाका, स्पेलिंग बदलून बघा, जन्मतारखेने शोधा. बुकिंग नंबर (अटकेच्या नोंदीचा नंबर) मिळाला की फ्रिजवर चिकटवा, प्रत्येक ठिकाणी तोच लागतो.

पैशांचं बघू. कॅलिफोर्नियातल्या कॅलिफोर्नियात फोनचा दर मिनिटाला ७ सेंटच्या वर जाऊ नये, असं राज्याच्या फोन-वीज सेवांवर देखरेख करणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये ठरवलं. पंधरा मिनिटांचा कॉल मला डॉलर-सव्वा डॉलरला पडायचा. तिथे लूट नाही. लूट आहे बाकी सगळ्यात. कमिसरीसाठी (जेलचं दुकान, रामेन, साबण, कॉफी) ५० डॉलर टाकले की वर ५.९५ फी. मी अडाण्यासारखे दर आठवड्याला २५ टाकायचे, फी तेवढीच. महिन्यातून एकदाच मोठी रक्कम टाका. लॉबीतल्या यंत्रावर फी कमी होती. कैद्यांना दिलेल्या टॅबलेटवरच्या मेसेजला "स्टॅम्प" विकत घ्यावे लागतात, फोटो जोडला की आणखी एक. ताईच्या (त्याच्या आईच्या) आग्रहावरून मी गणपतीचे आठ फोटो पाठवले. एकच पुरला असता.

पोरगा शाकाहारी, म्हणून पहिले दहा दिवस ब्रेड आणि बीन्सवर काढले. धार्मिक जेवणाचा अर्ज आतूनच, चॅपलनकडे (जेलच्या धर्मगुरूकडे) त्यानेच करायचा असतो. बाहेरून कितीही फोन केले तरी उपयोग नाही. पहिल्याच कॉलवर त्याला हे सांगा.

फोन घरून लावता येत नाही, तिकडूनच येतो. अनोळखी नंबर दिसला की उचला. आधी यंत्र बोलतं, मग बटण दाबायचं. चुकीचं बटण दाबलं तर नंबर कायमचा बंद होऊ शकतो, पूर्ण ऐकून घ्या. आणि ताई सांगलीत, तिला लेकाचा आवाज ऐकायचा होता, म्हणून मी दुसऱ्याच कॉलवर तिला जोडायचा शहाणपणा केला. तिसरा नंबर जोडला जातोय हे यंत्राला लगेच कळतं. लाइन कटली आणि दोन दिवस त्याचा फोनच नाही. मला वाटलं आत काहीतरी झालं. ॲपने भारतातला मोबाइल नंबरही घेतला नाही.

शेवटी पत्र. आमच्याकडे पत्रं स्कॅन करून टॅबलेटवर दाखवतात, मूळ कागद त्याच्या हाती पडत नाही. ताईने पत्र माझ्या पत्त्यावर पाठवलं ते नशीब. उघडलं तर घडीत अंगाऱ्याची पुडी. जेलच्या पाकिटात राखाडी पूड! ती देव्हाऱ्यात ठेवली आणि नुसता कागद पुढे पाठवला. मराठी पत्र इंग्रजीपेक्षा आठवडाभर उशिरा पोचलं, बहुधा वाचणारा शोधत असावेत. पुस्तक पाठवायचं तर नवं, कागदी बांधणीचं, थेट दुकानातून.

आणखी एक. मराठीत बोललं की कुणाला कळत नाही, हा भ्रम काढून टाका. वकील सोडून सगळे कॉल रेकॉर्ड होतात आणि भाषांतर करणारी माणसं मिळतात. केसबद्दल एक शब्द नाही. जेवलास का, झोपलास का, एवढंच.

व्हिसावर असलेल्यांसाठी: गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलाच. डिपोर्टेशनचा धोका आहे का ते सांगणं फौजदारी वकिलाचं काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलंय, पण आरोपीला सरकारने दिलेल्या बचावाच्या वकिलाकडे त्या दिवशी किती फायली असतात ते तुम्ही पाहिलेलं नाही. भारतीय नागरिकाला वकिलातीला कळवा म्हणण्याचा हक्क आहे. त्याने मागितलं तरच कळवतात.

सुटका सकाळी होईल असं सांगितलं होतं. झाली रात्री १:१० ला. तो अटकेच्या दिवशीच्या टी-शर्टमध्ये, बाहेर चार अंश सेल्सिअस, फोन बंद. जाड जॅकेट, चार्जर आणि खायला काहीतरी गाडीत ठेवा. आणि ज्याला आणायला जाताय तो बाहेर येऊन तुम्हाला शोधतोय, तुम्ही भलत्याच दाराशी, असं होऊ देऊ नका. सुटकेचं दार मुलाखतीच्या दारापेक्षा वेगळं असतं. माझी वीस मिनिटं तिथे गेली.

खात्यात उरलेले ३१ डॉलर रोख मिळत नाहीत, कार्डवर देतात, आणि ते कार्ड पडून राहिलं की त्यातून फी कापत राहतात. आम्ही ९९ वरच्या पहिल्याच पंपावर त्याचं पेट्रोल भरलं.