एका कागदावर चार

लातूरच्या ट्यूशन एरियात नोट्सची पीडीएफ झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर टाकायची आणि काउंटरवरून सांगायचं, ‘भैय्या, एका पानावर चार, पाठपोट.’ 240 पानांचे 30 कागद! हिशेब गोड आहे, गोची अक्षरांची होते.

ए-फोर कागद मधोमध दुमडला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, म्हणून त्यावर दोन किंवा चार पानं चपखल बसतात. सहा बसवली की मध्ये कोऱ्या पट्ट्या उरतात आणि अक्षर उगाच बारीक होतं. 12 पॉइंटचं अक्षर दोन पानांत साडेआठवर येतं, चारांत 6 वर. साडेआठ निवांत वाचता येतं. 6 ला इंग्रजी कसंबसं तग धरतं. देवनागरीला मात्र डोक्यावर रफार-अनुस्वार आणि पायाशी उकार सांभाळायचे असतात. ‘भाग’ की ‘भांग’, ओळखा! इलेक्ट्रॉनच्या प्रभारात 10 च्या डोक्यावर उणे 19 असतं, त्यातली उणेची रेघ पुसट झाली की संपलंच. पीडीएफवरून थेट प्रिंट काढली तर हे बारकावे बरेचसे टिकतात. मित्राच्या प्रिंटची झेरॉक्स मारली की पहिला बळी अनुस्वाराचा.

खरी बचत समासात आहे. पान आकसतं तसा कोरा समासही आकसून सोबत येतो आणि जागा अडवतो. आधी पीडीएफचा समास कापावा, मग दोन पानं बसवावीत. अक्षर ठसठशीत येतं. स्पायरलच्या भोकांपुरती बोटभर जागा तेवढी राखावी.

दोन पानांसाठी कागद आडवा होतो. तेव्हा पाठपोटला ‘शॉर्ट एज’, म्हणजे आखूड कडेवर उलटणं, निवडावं, नाहीतर पान उलटल्यावर मागचा मजकूर डोक्यावर उभा. ॲक्रोबॅट या पीडीएफच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मल्टिपल’मधून एका बाजूला दोन पानं निवडून प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्येही दोन ठेवले, तर दोन दुणे चार होतात आणि दोष मशीनला जातो.

डिजिटल बोर्डच्या स्लाइडचं अक्षर मुळात ढोबळ, तिथे चार खुशाल घ्यावीत. फक्त काळी पार्श्वभूमी आधी पांढरी करून घ्यावी. टोनर वाचतो, शिवाय पेन्सिलीने काही लिहिलं तर दिसतं.

आणि गठ्ठा सोडण्याआधी सगळ्यात गिचमिड पान, बहुधा सेंद्रिय रसायनाचं, ज्या कागदावर येतं तो एकच काढून बघावा. तोही हॉस्टेलवरचा उजेड डोळ्यांपुढे आणून. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळंच वाचता येतं.