मिसेस बी

आज अमेरिकेतल्या ओमाहा शहरात 72व्या रस्त्यावरच्या नेब्रास्का फर्निचर मार्टमध्ये गालिचा घ्यायला गेले होते. कडा उलटून वीण बघत होते, पण डोक्यात सारखी एकच बाई घोळत होती, रोझ ब्लमकिन, म्हणजेच मिसेस बी. दुकान तिनेच उभारलेलं, आणि गालिचे म्हणजे तर तिचा जीव की प्राण!

तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या मिन्स्कजवळच्या खेड्यातली गरीब ज्यू मुलगी. नवरा आधीच अमेरिकेत गेलेला. 1917 मध्ये ही एकटी सायबेरिया ओलांडून चीनच्या सीमेवर पोचली, तीही पासपोर्टशिवाय. पहारेकऱ्याला म्हणाली, सैन्यासाठी कातडं आणायला चाललेय, येताना तुमच्यासाठी व्होडका आणते. सुटली! मागून आईवडील, भावंडं सगळ्यांना ओमाहात आणलं. इंग्रजी लिहिता-वाचता कधी आलं नाही, तोंडी हिशेब मात्र चोख.

1937 मध्ये 500 डॉलरवर तळघरात दुकान टाकलं. स्वस्त विका, खरं बोला, एवढंच धोरण. भाव पाडते म्हणून एका गालिचा कंपनीने कोर्टात खेचलं. बाईंनी न्यायाधीशांना सरळ सांगितलं, खरेदीवर दहा टक्के सुटले की मला पुरे. खटला तर जिंकलाच, वर न्यायाधीशांनी तिच्याकडूनच गालिचा घेतला. केवढी जिगर!

1983 मध्ये प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफेंनी दुकानाचा मोठा हिस्सा घेतला. 1989 मध्ये नातवांशी बिनसलं, तेव्हा वय 95. तडक बाहेर पडली आणि समोरच नवं दुकान थाटलं! 1992 मध्ये बफेंनी तेही विकत घेतलं, पण यावेळी पुन्हा स्पर्धा करणार नाही असं शंभरीला टेकलेल्या बाईकडून लिहून घेतलं.